आजीची लुगडी, मेनोनाइट बायकांचा धावदोरा

इथे कॅनडात किचनर-वॉटर्लूमध्ये राहणाऱ्या ज्या मैत्रिणींच्या कपाटात आजीची, आईची जुनी लुगडी नुसती घडी घालून पडली आहेत, त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहिते आहे. गेल्या वर्षी मी वॉलेनस्टाइन गावाजवळच्या एका मेनोनाइट (हा एक ख्रिस्ती पंथ) शेतघरात आजीच्या पाच लुगड्यांची गोधडी हाताने शिवून घेतली. काम कसं झालं, पैसे किती पडले, कुठे अडलं, ते सगळं सांगते. त्या घराचं नाव आणि फोन नंबर मात्र इथे देत नाही. मी त्यांना विचारलं होतं. बाई म्हणाल्या, "ज्यांना यायचं ते रस्ता विचारत येतात, तेवढं काम आम्हाला पुरतं." तेव्हा घर कसं शोधायचं तेवढंच सांगेन.

आजी कराडजवळच्या खेड्यातली. मळणी आटपली की अंगणात ती आणि शेजारच्या दोघीतिघी गोधड्या घालायच्या. जुनी लुगडी थरावर थर पसरायची, चारी कडांनी टाके घालत गोल गोल फिरत मधे यायचं. आजी गेली तेव्हा तिच्या ट्रंकेतली लुगडी मी मागून घेतली. दोन इरकली, एक काळी चंद्रकळा आणि दोन रोजची सुती, विटलेली, पण धुऊन धुऊन लोण्यासारखी मऊ झालेली. पाच वर्षं ती इथे कपाटात होती. शेवटी मशीनवर मी त्यांचे चौकोन जोडले. नऊ चौकोनांचं एक घर, इथे त्याला नाइन-पॅच म्हणतात. वरचा थर तयार झाला, पण खरं काम पुढेच होतं: वरचं कापड, मधला कापसाचा थर आणि खालचं अस्तर एकत्र धरून शिवणं.

हे काम मशीनवर करून देणारी दुकानं गावात आहेत. कॉम्प्युटरमध्ये नक्षी निवडायची, आठवड्यात क्विल्ट, म्हणजे इथली गोधडी, हातात. मी एका ठिकाणी नमुना बघून आले. काम चोख होतं, पण टाका इतका घट्ट की कापड गादीच्या खोळीसारखं ताठ झालेलं. आजीचं लुगडं असं ताठ झालेलं मला बघवलं नसतं. मग ऑफिसातल्या एकीने सांगितलं, "ओल्ड ऑर्डर, म्हणजे जुन्या चालीच्या मेनोनाइट बायकांकडे जा. त्या अजून हाताने करतात."

इथे एक गोष्ट आधी सांगायला हवी, कारण आपल्यातले बरेच जण घोड्याची बग्गी दिसली की "ते आमिश" म्हणून मोकळे होतात. आमिश 1693 च्या सुमारास याकोब आमान यांच्यामागे मेनोनाइटांतून वेगळे झालेले लोक. मेनोनाइट हे नाव मेनो सिमन्स यांच्यावरून आलं. ते नेदरलँड्समधल्या फ्रीसलंडचे कॅथलिक पाद्री होते, 1536 मध्ये त्यांनी ते पद सोडलं. बाप्तिस्मा लहान बाळाचा करायचा नाही, मोठं होऊन समजून-उमजून घ्यायचा. शस्त्र हातात धरायचं नाही. शपथ घ्यायची नाही, ही त्यांची मूळ धारणा. त्यापायी युरोपात त्यांचे फार हाल झाले. तिथून पेनसिल्व्हेनिया आणि पेनसिल्व्हेनियाहून 1800 पासून इकडे. ग्रँड नदीच्या काठची ही जमीन त्याआधी सिक्स नेशन्स या मूळनिवासी लोकांना दिलेली होती. त्यातली साठ हजार एकर 1805 मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या मेनोनाइटांनी मिळून विकत घेतली. आपण राहतो ते किचनर 1916 पर्यंत बर्लिन होतं, ते या आणि नंतर आलेल्या जर्मन बोलणाऱ्या लोकांमुळेच.

आणि मेनोनाइट म्हणजे सगळे बग्गीवाले असंही नाही. माझ्या मुलीच्या पहिलीच्या बाई मेनोनाइट होत्या, जीन्स घालायच्या, गाडी चालवायच्या. बग्गीवाले ते ओल्ड ऑर्डर, 1889 मध्ये वेगळे झालेले. संडे स्कूल, धर्मप्रचाराच्या सभा असल्या नव्या गोष्टी त्यांना नको होत्या. त्यांच्यातूनच पुढे काही जणांनी मोटार घेतली, पण काळ्या रंगाचीच. रस्त्यात एकसारख्या काळ्या गाड्या रांगेने चर्चबाहेर उभ्या दिसल्या तर त्या त्यांच्या.

माझ्या नवऱ्याला मात्र हे नाव इथे येण्याआधीपासून ठाऊक होतं. त्याचं लहानपण रायपूरला गेलं. तिथून जवळच धमतरीला अमेरिकन मेनोनाइट मिशन 1899 मध्ये आलं, दुष्काळानंतर. तिथलं मिशन हॉस्पिटल त्या भागात सगळ्यांना माहीत. त्याच्या मोठ्या काकूंचं ऑपरेशन तिथे झालेलं. पण रायपूरच्या मुलाला मेनोनाइट म्हणजे डॉक्टर आणि नर्स एवढंच माहीत होतं. घोडा जोडून बाजाराला जाणारे मेनोनाइट बघून तो पहिल्या वर्षी चकितच झाला होता.

जानेवारीत एका सोमवारी सुट्टी काढून आम्ही गेलो. सेंट जेकब्स मागे टाकलं की पुढे रस्त्याच्या कडा रुंद होत जातात, त्या बग्ग्यांसाठी. प्रत्येक फाट्यावर हाताने रंगवलेली पाटी: अंडी, मेपल सिरप, क्विल्ट्स, आणि त्याखाली न चुकता "रविवारी विक्री नाही". आम्ही गेलो त्या घराच्या पाटीवर फक्त "क्विल्टिंग" आणि हेच वाक्य. घरापासून गोठ्याजवळच्या उंच खांबापर्यंत कप्पीवर दोरी लावलेली होती. सोमवार त्यांचा धुण्याचा दिवस. उणे अकरा तापमानात काळ्या विजारी, निळे शर्ट आणि बारीक फुलांचे झगे दोरीवर पापडासारखे कडक होऊन लटकत होते, मोठ्या मापापासून लहान मापाकडे ओळीने. त्या दोरीवरून घरात किती माणसं, किती वयाची, ते बाहेरूनच कळत होतं.

बाईंनी दार उघडलं. पन्नाशीच्या असाव्यात. डोक्याला पांढरी पातळ टोपी, गडद जांभळा झगा, वर एप्रन. हसल्या, पण "या, बसा, काय घेणार" वगैरे काही नाही. सरळ म्हणाल्या, "दाखवा." स्वयंपाकघरात दिवा विजेचा होता आणि भिंतीला फोनही होता. वीज, फोन यांना चालतो; टीव्ही, रेडिओ, कॉम्प्युटर आणि स्वतःची मोटार चालत नाही. फोन केलात तर उचलतात, पण जेवणाच्या वेळी नाही.

मी टेबलावर कापड पसरलं. त्यांनी ते आधी उलटं केलं. उलट्या बाजूवर हात फिरवत शिवणी बघितल्या, एकेक शिवण नखाने दाबून पाहिली. मग सुलट केलं. इरकलीच्या काठाशी येऊन थांबल्या. काठ रेशमी होता, बाकीचं सूत. दोन बोटांत काठ चोळला आणि म्हणाल्या, "हे सुई धरणार नाही, फाटेल. याला मागून पातळ सुती कापड लावा. आणि हा हिरवा रंग कितीदा धुतलाय?" मी म्हटलं, पन्नास वर्षं धुतलाय. त्या म्हणाल्या, "थंड पाण्यात. गरम पाण्यात तीनदा धुऊन आणा, मग घेते." आणि ते कापड त्यांनी ठेवून घेतलं नाही. पंचवीस मिनिटं गाडी चालवून आलेल्या गिऱ्हाइकाला परत पाठवलं. त्या दिवशी मला वाईट वाटलं. घरी येऊन गरम पाण्यात टाकलं तर पहिल्या खेपेला बादलीभर हिरवं पाणी निघालं. ते पांढऱ्या अस्तरावर उतरलं असतं तर सगळं काम मातीत गेलं असतं.

दुसऱ्या खेपेला काम ठरलं, आणि इथेच मला त्यांचा दर कळला. कापडाच्या मापावर नाही, तासावर नाही. दोरा किती वार लागला त्यावर पैसे. एका वाराला सव्वा डॉलर, अस्तर-कापूस आपला, कडेला गोट लावण्याचे साठ डॉलर वेगळे. नक्षी जितकी दाट, तितका दोरा जास्त, तितका खर्च जास्त. मी त्यांना सांगितलं की आमच्याकडे साडीच वाराने ओळखतात, ही जी कापडं आहेत ती नऊ वारांची. त्यांना ते फार आवडलं. नऊ वार एकाच बाईच्या अंगावर? हो म्हटलं, आणि त्यातच शेतात कामही करायच्या. त्यांनी आतल्या खोलीत कुणाला तरी हाक मारून त्यांच्या भाषेत ते सांगितलं. घरात त्या पेनसिल्व्हेनिया जर्मन बोलतात, तिला त्या "डाइच" म्हणतात. इंग्रजी आपल्यासारख्यांशी आणि शाळेत.

नक्षी निवडायला एक जाड वही होती, पेन्सिलीने काढलेली. मोकळ्या जागेत पिसांची वेल आणि चौकोनांवर तिरक्या आडव्या-उभ्या रेघा. त्या रेघांना आम्ही शंकरपाळे म्हणतो, असं मी म्हटलं तर त्यांनी तो शब्द दोनदा म्हणून पाहिला. पैसे आगाऊ नकोत, पावती नाही, करार नाही. वहीत माझं आडनाव, फोन आणि "9-पॅच, जुनी कापडं, पिसं" एवढंच लिहिलं. शपथेचं मी वर लिहिलं ना, तेच इथे कामाला येतं. हो म्हणजे हो आणि नाही म्हणजे नाही, त्यावर आणखी काही चिकटवायचं नाही, असं त्यांचं आहे. त्या "बघू", "प्रयत्न करते" असं कधीच म्हणाल्या नाहीत. फक्त तारीख विचारली तेव्हा म्हणाल्या, "बर्फ टिकला तर ईस्टरपर्यंत."

हे वाक्य मला नीट कळलं नाही, आणि माझी एकमेव तक्रार तिथेच आहे. मे महिन्यात वडिलांची पंच्याहत्तरी होती. बाबा-आई इथे येणार होते आणि ती गोधडी मला बाबांच्या अंगावर घालायची होती. त्यांच्या आईची लुगडी. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात फोन केला तर कळलं की शिवणीची चौकट भिंतीला लावून ठेवलीय, बर्फ लवकर वितळलं, बाग सुरू झाली. आता नोव्हेंबर. हातशिलाई त्यांचं हिवाळ्यातलं काम. वसंतापासून पेरणी, भाजीपाला, लोणची, मुरांबे, बरण्या भरणं, मग सफरचंदं, मग कापणी. गोधडी बसलेल्या माणसाचं काम आणि उन्हाळ्यात तिथे कुणी बसत नाही. हे सगळं खरं, पण मला जानेवारीतच "ईस्टरला झालं नाही तर थेट नोव्हेंबर" असं स्पष्ट सांगायला हवं होतं. बाबा जूनमध्ये परत गेले. गोधडी त्यांना व्हिडिओ कॉलवर दाखवावी लागली. मी हे बाईंना सांगितलंही. त्यांनी सबब दिली नाही. "मी स्पष्ट सांगायला हवं होतं," एवढंच म्हणाल्या, आणि त्यानंतर वहीत प्रत्येक कामापुढे त्या दोन तारखा लिहितात. तेव्हा तुम्ही काम दिलंत तर ऑक्टोबरात द्या आणि दोन्ही तारखा विचारा.

नोव्हेंबरच्या शेवटी त्यांनी स्वतः फोन केला. "तुमचं चौकटीवर चढलंय. बघायचं असेल तर गुरुवारी या, शेजारणी येणार आहेत." मी अर्धा दिवस रजा टाकली आणि गेले. या सगळ्या वर्षात तो अर्धा दिवस मला सगळ्यात मोलाचा वाटतो.

पुढच्या खोलीत चार लाकडी पट्ट्या कोपऱ्यांना लोखंडी शिकंज्यांनी आवळून चौकट केलेली. त्यावर आजीची लुगडी ताणून बसवलेली, ढोलाच्या कातड्यासारखी. भोवती सात बायका, खुर्च्यांवर. मी आत गेले तशा सगळ्या माझ्यासाठी इंग्रजीत बोलायला लागल्या, अगदी सहज. एकीने उठून मला खुर्ची दिली आणि सुई पुढे केली. विचारलं नाही, दिली.

त्यांचा टाका मी अगदी जवळून पाहिला. सुई बोटभर लांबीचीही नाही, त्याहून आखूड. उजव्या हाताच्या मधल्या बोटात अंगुस्ताना, डावा हात चौकटीखाली. सुई सरळ खाली टोचायची, खालच्या बोटाला टोक जेमतेम लागलं की लगेच वर उचलायची, पुन्हा खाली. सुई होडीसारखी डुलते आणि एका खेपेत चार-पाच टाके सुईवर जमा होतात, मग दोरा ओढायचा. एका इंचात नऊ टाके, मी मोजले. गाठ कुठेही दिसत नाही. दोऱ्याच्या टोकाला बारीक गाठ मारून ती हलक्या झटक्याने कापडातून आत कापसात ओढून घेतात. टक् असा आवाज येतो. सात बायका शिवत होत्या, त्यामुळे तो आवाज सारखा कुठून ना कुठून येत होता. खालच्या डाव्या बोटाच्या टोकाला प्रत्येकीच्या घट्टा होता. बाईंनी मला स्वतःचं बोट दाखवलं आणि म्हणाल्या, "जोवर बोटाला लागत नाही तोवर सुई अस्तरापर्यंत पोचलीच नाही."

आजीचा धावदोरा मोठा होता. जाड दोरा, बोटाच्या पेराएवढा टाका, आणि मधे कापूस नाही, लुगड्यावर लुगडं. मी तसा टाका घालून दाखवला. सगळ्या वाकून बघत होत्या. एक म्हातारी आजी, बाईंच्या आई, म्हणाल्या, "हा पटपट होतो आणि उबही जास्त धरतो. घरच्या माणसांसाठी हाच बरा." या आजी शेजारच्याच जोडघरात राहतात. मुलाच्या किंवा मुलीच्या हाती शेत दिलं की म्हातारे त्याच घराला लागून बांधलेल्या लहान घरात जातात, त्याला "डोडीहाउस" म्हणतात. दार मधून उघडं, चूल वेगळी. माझ्या डोळ्यांसमोर कराडचं आमचं घर आलं, वाटण्या होऊनही एका भिंतीला टेकलेल्या तीन चुली. या लोकांनी सरकारी पेन्शन नाकारलेली आहे. म्हातारपण घरात काढायचं आणि कुणाचा गोठा जळला तर सगळ्यांनी जाऊन उभा करायचा, हाच त्यांचा विमा.

मी त्यांना आजीची एक रीत सांगितली. गोधडीचं शेवटचं मधलं पोट शिवताना आजी आत भाकरीचा तुकडा आणि हळदकुंकू ठेवायची, गोधडी उपाशी राहू नये म्हणून. सगळ्या सुया थांबवून ऐकत होत्या. मग बाई म्हणाल्या, "कारण कळलं. पण रंगाने डाग पडेल आणि भाकरीला उंदीर येतील." ठेवू दिलं नाही. मला त्याचा राग आला नाही. माझ्या कापडाची काळजी माझ्यापेक्षा त्यांना जास्त होती.

बोलता बोलता नावांचा विषय निघाला. त्यांच्यात आडनावं मोजकीच. मार्टिन तर इतके की टपालपेट्यांवर ओळीने मार्टिनच. मग ओळखायचं कसं? त्यांच्या घरात मुलांच्या नावात मधे आईच्या माहेरच्या आडनावाचं अक्षर घालतात. आमच्यात मधे बापाचं नाव येतं, मी सांगितलं. त्यावर म्हाताऱ्या आजी म्हणाल्या, "बाप कोण ते आडनावावरून कळतंच की." हा मुद्दा मला घरी येईपर्यंत पुरला.

एक गोष्ट मात्र मला खुपली आणि ती लिहिलीच पाहिजे. चौकटीच्या एका कोपऱ्यावर बाईंची धाकटी मुलगी बसली होती, बारा वर्षांची. हुशार, चटपटीत. किती दोरा लागेल याचा अंदाज ती तोंडी गुणाकार करून सांगत होती. या समाजाच्या स्वतःच्या शाळा आहेत, एकखोली-दोनखोली, आणि आठवीनंतर शाळा संपते. पुढचं शिक्षण घरात आणि शेतावर. माझी मुलगी तिच्याहून वर्षाने लहान. मी विचारलं, हिला पुढे शिकावंसं वाटलं तर? बाई म्हणाल्या, "ती शिकतेच आहे." त्यांचा स्वर रागाचा नव्हता. त्यांच्या दृष्टीने माणसाने नम्र राहणं, स्वतःला पुढे न करणं हे आधी. फोटो काढू देत नाहीत ते त्याच कारणाने. मी त्यांच्या घरात पाहुणी होते, वाद घातला नाही. पण मला हे पटत नाही. त्या मुलीसमोर दार उघडं असावं आणि मग तिने हवं तर चौकटीपाशी बसावं, असं मला वाटतं. बाप्तिस्मा मोठेपणी समजून घ्यायचा म्हणणाऱ्या लोकांना हे कळायला अवघड नाही.

दुसरी चिंता त्यांची स्वतःची आहे. आपली घरं वाढत चालली तशी इथली शेतजमीन महाग झाली. बाईंचे दोन मुलगे शेतासाठी उत्तरेला माउंट फॉरेस्टकडे गेले. बग्गीने जायचं तर दिवस मोडतो, मग शेजारच्या मोटारवाल्याला पैसे देऊन जातात. मोटारीत बसायला बंदी नाही, ती बाळगायला आहे. मोटार दारात आली की माणूस शेजार सोडून लांब लांब जाऊ लागतो, असं त्या म्हणाल्या. मी रोज टोरोंटोपर्यंत जाऊन येणाऱ्यांना ओळखते. मला यावर बोलण्यासारखं काही सापडलं नाही.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात गोधडी तयार झाली. हिशोब माझ्यासमोर झाला. दोऱ्याच्या रिळावर 220 वार छापलेलं. दोन रिळं वापरली, दुसऱ्यात दोरा उरलेला. टेबलाच्या कडेला बरोबर एका वाराच्या अंतरावर दोन पितळी खिळे ठोकलेले आहेत. उरलेला दोरा त्या खिळ्यांना गुंडाळत त्यांनी मोजला: 47 वार. म्हणजे लागला 393 वार. सव्वा डॉलरने 491.25, गोटाचे साठ, एकूण 551.25. मी 555 दिले, त्यांनी डब्यातून 3.75 नाणी मोजून परत केली. घासाघीस करायचा विचारही करू नका; दर सगळ्यांना एकच, शेजारणीलाही आणि मलाही.

मग त्यांनी गोधडीचा डावीकडचा खालचा कोपरा उलगडून दाखवला. "हे बघा. इथले टाके मोठे आहेत. माझ्या मुलीने केलेत. इंचाला सहाच. या कोपऱ्याचा दोरा वेगळ्या रिळाचा घेतला होता, तो मोजलेला नाही. उसवून परत करायचं असेल तर आठवड्यात करून देते." मला तो कोपरा दाखवेपर्यंत दिसलाच नव्हता. दाखवला नसता तर कधीही दिसला नसता. मी म्हटलं, राहू द्या. आजीचा टाका इंचाला तीन होता.

आता वापराचं. गेले चार महिने गोधडी रोज आहे, पलंगावर शोभेला नाही, अंगावर. दोनदा मशीनमध्ये थंड पाण्यात धुतली. रंग गेला नाही, एकही टाका सुटला नाही. पहिल्या धुण्यानंतर कापूस थोडा आक्रसला आणि पिसांच्या वेलीला उठाव आला. आधी ती नीट दिसत नव्हती, आता उन्हात सावल्यांसकट दिसते. चंद्रकळेचे काळे चौकोन सगळ्यात सुंदर उतरले आहेत. आतला थर सुती घ्या, पॉलिस्टरचा स्वस्त पडतो पण जुन्या सुताला तो जड वाटतो. रेशमी काठ असतील तर मागून कापड लावल्याशिवाय नेऊ नका, परत पाठवतील.

ज्यांना जुनी कापडं द्यायची नाहीत, तयार क्विल्ट हवाय, त्यांनी सेंट जेकब्सचा बाजार बघावा. गुरुवारी आणि शनिवारी असतो. तिथे सगळे विक्रेते मेनोनाइट नाहीत, विचारून घ्या. त्याहून चांगलं म्हणजे न्यू हॅम्बर्गचा मेनोनाइट रिलीफ सेल, 1967 पासून चालत आलेला. तिथे क्विल्टचा लिलाव होतो आणि पैसा मेनोनाइट सेंट्रल कमिटीच्या मदतकार्याला जातो. ही संस्था 1920 मध्ये रशिया-युक्रेनमधल्या उपासमारीसाठी निघाली आणि 1942 पासून भारतातही काम करते आहे. लिलावात किंमत पार वर जाते, पण कापडाला हात लावून बघायला कुणी अडवत नाही.

घर शोधायचं असेल तर लाइन 86 या रस्त्यावरून वॉलेनस्टाइनकडे जा आणि गाव यायच्या आधी फाट्यांवरच्या पाट्या वाचत हळू चला. "क्विल्टिंग" लिहिलेल्या तीन-चार पाट्या लागतील, कुठल्याही घरी विचारा, त्या एकमेकींकडे पाठवतात. बग्गीला ओलांडताना हॉर्न वाजवू नका. सोबत रोख रक्कम किंवा चेक असू द्या. घराचा, माणसांचा फोटो काढू नका. आपल्या क्विल्टचा काढायला त्या स्वतःच बाहेर व्हरांड्यात टांगून देतात. मुलांना न्यायला हरकत नाही, माझी मुलगी दोनदा गेली आणि वासरांपाशीच रमली. सोमवार धुण्याचा, शनिवारी दुपारनंतर रविवारची तयारी असते. मंगळवार ते शुक्रवार सकाळी जा.

मी गोधडी आणली त्याच दिवशी आत्याची दोन सुती लुगडी पुढच्या कामासाठी दाखवून आले. गरम पाण्यात तीनदा धुतलेली. वहीत माझ्याआधी तिघींची कामं आहेत. पुढे दोन तारखा लिहिल्यात: बर्फ टिकला तर मार्च, नाही तर डिसेंबर.